अर्जासोबतचे पत्र आणि दुकानातील चार वर्षे



उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे बाजाराचे गाव. एका अंगाला पैनगंगा, ती ओलांडली की नांदेड जिल्हा. भोवताली कापूस, सोयाबीन, तूर आणि हळदीची शेती. अशा गावातील व्यापारी घराण्यांना पत्रव्यवहार काही नवा नाही. मालाची मागणी, भावाची चौकशी, आलेल्या मालातील तुटीची तक्रार, राहिलेल्या बाकीची सौम्य आठवण, ही सारी पत्रे आमच्या वाडवडिलांनी कंदिलाच्या उजेडात लिहिली. एक पत्र मात्र या दुकानांतून सहसा बाहेर पडले नाही, ते म्हणजे नोकरी मागणारे. ते पत्र आमच्याकडे येत असे. मुनीमकी मागणारा आमच्या दारी येई आणि आम्ही त्याचे अक्षर, त्याचा हिशेब आणि त्याची नजर पाहून होय किंवा नाही म्हणत असू.

आता दिवस पालटले आहेत. एका दुकानाच्या उत्पन्नात तीन भावांच्या मुलांचे भागत नाही. मुले-मुली नांदेड, नागपूर, पुणे येथे शिकतात आणि अर्ज करतात. जाहिरातीत शेवटी एक ओळ असते, ‘बायोडाटा कव्हर लेटरसह पाठवावा’. बायोडाटा कसाबसा तयार होतो. लेखणी अडते ती या सोबतच्या पत्रापाशी. मग कोठून तरी एक इंग्रजी नमुना मिळतो, त्यातील नाव बदलले जाते आणि ते पत्र रवाना होते. ‘मी परिश्रमी, महत्त्वाकांक्षी आणि संघभावनेने काम करणारा उमेदवार आहे.’ हे वाक्य मराठीत मोठ्याने वाचून पाहावे. आपल्या दुकानात येऊन कोणी असे म्हणाला तर आपण त्याला गल्ल्यावर बसवू काय?

बायोडाटा आणि पत्र यांतील भेद व्यापाऱ्याला फार समजावून सांगावा लागत नाही. बायोडाटा ही साठ्याची यादी आहे. कापडाच्या दुकानात जाणता माणूस गिऱ्हाईक येताच सगळे तागे अंगावर टाकत नाही. कोणाचे कार्य, किती माणसे, साधारण किती रकमेपर्यंत, हे विचारून दोनच तागे उलगडतो. पत्र म्हणजे ते उलगडलेले दोन तागे. कोणते दोन, हे आपल्या आवडीने नव्हे, समोरच्याच्या गरजेने ठरते.

याचा जुना आणि नामांकित दाखला इटलीतील आहे. लिओनार्दो दा विंची या चित्रकाराने सुमारे १४८२ साली मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा याच्याकडे सेवेसाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आज उपलब्ध आहे. त्यात क्रमाने दहा मुद्दे आहेत. हलके वाहून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढून टाकण्याची युक्ती, तोफा, झाकलेले रथ, अशी सारी युद्धाची विद्या आहे. शांततेच्या काळी इमारती बांधीन, मूर्ती घडवीन, चित्रेही काढीन, हे अगदी शेवटी येते. चित्रकलेने अजरामर झालेल्या माणसाने चित्रकलेला शेवटची जागा का दिली? कारण मिलानच्या दरबाराला त्या घडीला शत्रूची चिंता होती. त्याने गिऱ्हाईक ओळखले होते.

दुसरा दाखला आपल्या देशातील आहे आणि मला तो अधिक जवळचा वाटतो. श्रीनिवास रामानुजन यांनी ९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसांना कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. पत्र अवघे काही ओळींचे आहे. आपण मॅट्रिक उत्तीर्ण आहोत, एफ. ए. पर्यंत शिकलो, पण प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे जाऊ शकलो नाही. तथापि सारा वेळ गणितात घालवीत आहोत, असे ते सांगतात. अपुरे राहिलेले शिक्षण त्यांनी लपवले नाही आणि त्याचे रडगाणेही गायले नाही; एका वाक्यात सांगून ते पुढच्या ‘तथापि’वर गेले. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र जोडले. १ मार्चपासून दरमहा ३० रुपयांवर ते रुजू झाले. पुढच्याच वर्षी, १६ जानेवारी १९१३ रोजी, केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डींना लिहिलेल्या पत्राची सुरुवातही त्यांनी अशीच केली: मी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला अवघ्या २० पौंडांवर काम करणारा हिशेब खात्यातील कारकून आहे. मात्र या वेळी सोबत शिफारसपत्राऐवजी प्रमेयांची पाने होती. जेथे काम दाखवता येते तेथे ते दाखवावे, हे त्यांना नेमके उमगले होते.

‘तथापि’ हा शब्द आमच्या मुलांसाठी महत्त्वाचा आहे, कारण खरी अडचण तेथेच आहे. बी.कॉम. झालेला मुलगा वडिलांच्या आजारपणामुळे किंवा भावाच्या वाटणीमुळे गावी परततो आणि चार वर्षे दुकानात बसतो. पुढे अर्ज करायची वेळ आली की त्या चार वर्षांच्या जागी तो काय लिहितो? काहीच नाही. अनुभवाच्या रकान्यात ‘फ्रेशर’. विचारले तर उत्तर येते, ‘मी कुठे नोकरी केली? घरचेच तर दुकान होते.’ ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण ऐकत वाढलेल्या घरात नोकरी मागणे हाच एक कमीपणा. आणि नोकरीच्या जगात दुकान सांगणे हा दुसरा. या दोन संकोचांच्या मध्ये चार वर्षे नाहीशी होतात.

त्या वर्षांत काय घडले असते ते पाहू. खतांचे अनुदान आता विक्रीशी जोडलेले आहे. २०१८ पर्यंत ही पद्धत देशभर लागू झाली, आणि कृषी केंद्रात आधार पडताळून पॉस यंत्रावर प्रत्येक पोत्याची विक्री नोंदवावी लागते. यंत्रातील साठा आणि गोदामातील साठा यांत तफावत पडली तर परवान्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. हे काम कोणी सांभाळले? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा वडिलांच्या वहीतून संगणकावर खाती कोणी आणली? खरिपात दिलेली उधारी कापूस-सोयाबीन विकले गेल्यावर, कोणाचे मन न दुखवता, कोणी वसूल केली? मोठ्या कंपन्या याच कामांना साठा व्यवस्थापन, कर अनुपालन आणि थकबाकी वसुली म्हणतात आणि त्यासाठी पगार देतात.

येथे उलट बाजूचा मोहही सांगितला पाहिजे. काही मुले दुकानाचे नाव जरा इंग्रजी करतात आणि स्वतःला त्याचे ‘जनरल मॅनेजर’ किंवा ‘डायरेक्टर’ करून टाकतात. मुलाखत घेणारा दोन प्रश्न विचारतो आणि दोन नोकर आणि एक गल्ला असलेले दुकान समोर उघडे पडते. वास्तविक दोन नोकरांचे दुकान सांगण्यात काहीच उणे नव्हते. उणेपणा आला तो पदवीने. ‘आमच्या कुटुंबाच्या दुकानात’ असे सरळ लिहावे, आणि पदाऐवजी काम सांगावे.

काम सांगायचे तर आकड्यानिशी. हुंडीचा व्यवहार ज्यांनी पाहिला त्यांना आठवेल की हुंडीत रक्कम नुसती लिहून भागत नसे. आकड्यात लिहीत, अक्षरात लिहीत, शिवाय तिची निम्मी रक्कम सांगून त्याच्या दुप्पट द्यावे असेही लिहीत, म्हणजे कोणी एक शून्य वाढवू नये आणि वाचणाऱ्याला शंका राहू नये. दूरच्या गावचा, कधी न पाहिलेला माणूस त्या कागदावर विसंबून पैसे मोजून देई. नोकरीचे पत्रही अनोळखी माणसाकडेच जाते. ‘वसुली चांगली केली’ हे विशेषण झाले. ‘हंगामाच्या उधारीपैकी दिवाळीपर्यंत किती आणि संक्रांतीपर्यंत किती आली’ हा दाखला झाला. आकडा लहान असला तरी चालेल, पण तो आपल्या वहीतला असावा.

एखाद्या पत्राची कल्पना करू. कृषी सेवा केंद्रात चार वर्षे काढलेला ढाणकीचा एक तरुण बियाण्यांच्या एका कंपनीत विक्री प्रतिनिधीच्या जागेसाठी अर्ज करीत आहे.

‘महोदय, आपल्या अकोला कार्यालयासाठी विक्री प्रतिनिधी हवा असल्याची जाहिरात वाचली. त्या जागेसाठी हा अर्ज.

ढाणकी, ता. उमरखेड येथे आमच्या कुटुंबाचे कृषी सेवा केंद्र आहे. बी.कॉम. झाल्यानंतर गेली चार वर्षे मी तेथे पूर्ण वेळ काम करीत आहे. हंगामापूर्वी कोणत्या वाणाची किती पाकिटे मागवायची हे ठरवणे, साठा नोंदवही, पॉस यंत्रावरील खतविक्री आणि उधारीची वसुली ही कामे माझ्याकडे आहेत. पहिल्या वर्षी हंगामाअखेर सोयाबीनच्या दर दहा पिशव्यांमागे एक परत करावी लागली होती. त्यानंतर मी गावनिहाय मागील पेऱ्याची नोंद ठेवू लागलो. गेल्या हंगामात हे प्रमाण तीस पिशव्यांमागे एक झाले.

कंपनीचा प्रतिनिधी दुकानात आला की दुकानदार त्याच्याकडून काय अपेक्षितो, हे मी गल्ल्याच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. उगवण कमी झाल्याची तक्रार आल्यावर जो प्रतिनिधी दुसऱ्याच दिवशी शेतावर पोहोचतो, त्याचाच माल पुढच्या वर्षी मागवला जातो. मला ते काम करायचे आहे.

गावोगाव फिरून विक्री करण्याचा अनुभव मला नाही. उमरखेड, महागाव, पुसद आणि हिमायतनगर तालुक्यांतील रस्ते व बाजाराचे दिवस मात्र ठाऊक आहेत, आणि मोटारसायकलचा परवाना आहे. पुढील महिन्याच्या एक तारखेपासून रुजू होऊ शकेन.’

पत्र येथे संपते. खाली नाव, पत्ता, भ्रमणध्वनी. दोनशे शब्दांच्या आत सारे आले. शेवटच्या परिच्छेदातील ‘अनुभव मला नाही’ हे वाक्य पाहून वडीलधारी मंडळी बिचकतील. परंतु ती उणीव बायोडाट्यात दिसणारच आहे. आपण आधी सांगितली की तिच्या शेजारी आपली जमेची बाजू मांडता येते. रामानुजन यांचा ‘तथापि’ तो हाच.

पत्रात काय नाही हेही पाहावे. ‘घरची परिस्थिती बेताची आहे, तरी सहानुभूतीने विचार व्हावा’ हे नाही. शाळेत शिकवलेल्या विनंती अर्जाचा हा संस्कार फार खोल आहे: ‘आपला आज्ञाधारक’, ‘कृपा करावी’, ‘आजन्म ऋणी राहीन’. नम्रता असावीच, ती ‘महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’ या दोन शब्दांत पुरेशी येते. पगाराचा उल्लेखही नाही; जाहिरातीत अपेक्षा विचारली असेल तरच लिहावी. आणि अमुक काकांचे, तमुक मामांचे नाव नाही. ओळख हे आमच्या समाजाचे मोठे बळ आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्याने आपले काम प्रत्यक्ष पाहिले आहे अशा माणसाचेच नाव द्यावे, तेही त्याला विचारून. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून आपण चार वर्षे माल उचलला आणि वेळेवर पैसे चुकते केले, तो माणूस मोठ्या पदावरील दूरच्या नातलगापेक्षा अधिक उपयोगी साक्षीदार आहे.

आता मुलींविषयी. पुष्कळ घरांत दुकानाची बिले, कराची विवरणपत्रे आणि बँकेचा ताळमेळ घरातील लेक किंवा सून पाहते, पण परवाना, खाते आणि फलक यांवर नाव दुसऱ्याचे असते. ती अर्ज लिहायला बसते तेव्हा तिच्या हाती कागदच नसतो. दुकानाच्या मालकाने, म्हणजे वडिलांनी किंवा सासऱ्यांनी, दुकानाच्या छापील कागदावर तारखांसह तिने केलेल्या कामाचा दाखला लिहून द्यावा. त्यास पाच मिनिटे लागतात. परक्या मुनिमाने दुकान सोडले तर आपण त्याला दाखला देतोच ना? लग्नानंतर सात-आठ वर्षे घर सांभाळून पुन्हा कामाकडे वळणाऱ्या स्त्रीने तो काळ एका वाक्यात सांगावा, क्षमा मागू नये, आणि त्यानंतर ताबडतोब आज आपल्याला काय येते ते लिहावे.

या संदर्भात पुण्याची एक हकिकत आठवते. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी सूचनाफलकावर टेल्को कंपनीची जाहिरात पाहिली. अभियंते हवे होते, पण स्त्रियांनी अर्ज करू नये असे खाली लिहिले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड लिहिले. पोस्टकार्डावर जागा ती केवढी! त्यात त्यांनी स्वतःच्या गुणांची यादी दिली नाही आणि विनवणीही केली नाही. टाटांनी देशात उद्योग उभारले, विज्ञान संस्थाही स्थापली, अशा घराण्याच्या कंपनीत स्त्री-पुरुष असा भेद व्हावा याचे आश्चर्य वाटते, असा त्याचा आशय होता. काही दिवसांतच पुण्यात मुलाखतीला येण्याची तार आली. मुलाखतीत तांत्रिक प्रश्नांचा भडिमार झाला, त्यांची उत्तरे त्यांनी दिली आणि टेल्कोच्या कारखान्यातील पहिल्या महिला अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पोस्टकार्डाने दार उघडले. नोकरी मिळाली ती उत्तरांमुळे. हे धाडस प्रत्येकाने उसने आणावे असे मी म्हणणार नाही. पण ज्यांना पत्र लिहायचे त्यांची परंपरा जाणून लिहिले, म्हणून ते पोस्टकार्ड कचऱ्याच्या टोपलीत गेले नाही, एवढे निश्चित.

एक नाजूक प्रश्न आमच्या घरांत हमखास निघतो. सूर्यास्तापूर्वी जेवण, कंदमुळांचा त्याग, पर्युषणातील सुटी, हे पत्रात लिहावे काय? माझ्या मते लिहू नये. ते निवड झाल्यावर, रुजू होण्यापूर्वी, स्पष्ट आणि शांतपणे बोलावे. बहुतेक ठिकाणी डबा आणि रजेच्या अर्जाने हा प्रश्न सुटतो. जेथे कामाचे स्वरूपच आपल्या आचाराशी विसंगत आहे, तेथे अर्जच करू नये. पत्रात अटी घालून दोन्ही बाजूंचा वेळ दवडण्यात अर्थ नाही.

भाषेचे काय? सहकारी पतसंस्था, डाळ मिल, स्थानिक शाळा यांना शुद्ध मराठीत लिहावे. कंपनीला इंग्रजी हवे असेल तर इंग्रजीत. पण आधी मराठीत लिहून मगच इंग्रजी करावे. मराठीत पोकळ वाक्य लगेच उघडे पडते, इंग्रजीत ते झाकून जाते. हल्ली संगणकाला सांगून क्षणात पत्र लिहून घेता येते. व्याकरण तपासण्यास त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु गावनिहाय पेऱ्याची वही त्या संगणकाला ठाऊक नाही, आणि त्याने लिहिलेली शेकडो सारखी पत्रे त्याच टेबलावर रोज पडत आहेत.

ईमेलने पाठवताना विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि आपले नाव असावे, जोडलेल्या फायलीलाही तेच नाव द्यावे, आणि ती पीडीएफ असावी. कार्यालयाचे आणि पदाचे नाव दोनदा तपासावे. एका कंपनीचे पत्र दुसरीला जाणे ही फार सर्रास होणारी गोष्ट आहे. लोकसेवा आयोग किंवा बँकांच्या आयबीपीएस परीक्षेसारख्या भरतीत या पत्राला स्थानच नसते. तेथे अर्जाचे रकाने अचूक भरावेत. खासगी नोकरीसाठी कोणी अनामत किंवा नोंदणीचे पैसे मागू लागला, तर तो नोकरी देणारा नव्हे असे समजून तेथेच थांबावे.

उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण द्यावी. ती कशी असावी हे उधारीवर व्यापार केलेल्या घरात सांगायला नको: दोन ओळी, मागील पत्राची तारीख, आणि सूर असा की ज्याला ती वाचायची आहे त्याला ती तगाद्यासारखी वाटू नये.